भीमाकाठची शाळा

भीमेच्या ऐलतीरी वसलेल्या, वाघेश्वराला ग्रामदैवत मानणाऱ्या मांडवगण फराट्यासारख्या शिरूर तालुक्यातील गावांतील बालपणाचा इतिहास लिहू पाहणाऱ्यास प्रथम आठवण करावी लागते ती पंतोजींच्या शाळेची. कारण सरकारी शिक्षणखाते अस्तित्वात येण्यापूर्वी गावोगावची मुले देवळाच्या ओवरीत वा एखाद्या वाड्याच्या ओसरीवर बसून, धूळपाटीवर अक्षरे गिरवीत आणि पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दीडकी, औटकी एका सुरात घोकीत. या विद्येचे प्रयोजन व्यवहाराचे होते: कुळकर्ण्याच्या दप्तरातील मोडी वाचता यावी, सावकाराच्या खतातील व्याज ताडता यावे, शेतसाऱ्याची पावती समजावी.

पुढे 1869 च्या कायद्याने जमीनमहसुलाच्या रुपयामागे एक आण्याचा लोकल फंड रीतसर झाला, त्याचा काही हिस्सा शाळांकडे वळला आणि रयतेच्याच पैशावर खेड्यांतील मराठी शाळा उभ्या राहू लागल्या. बोरू, दौत, दसऱ्याचे पाटीपूजन आणि व्हर्नाक्युलर फायनल परीक्षेचा दरारा यांनी पुढील पिढ्यांचे बालपण व्यापले. 1 एप्रिल 1957 रोजी दशमान नाणी आली तेव्हा आणे-पैंचा हिशेब मागे पडू लागला, मोडीही शाळांतून लोपली; 1 मे 1962 रोजी जिल्हा परिषदा स्थापन होऊन प्राथमिक शाळा त्यांच्याकडे गेल्या.

जुन्या शाळांच्या दप्तरांतील दाखल-खारजाच्या नोंदी हा ग्रामेतिहासाचा अस्सल पुरावा होय. मोडी वाचणारे विरळ होत असता, माजी विद्यार्थ्यांनी त्या नोंदी वेळीच जतन कराव्यात.