वाड्याचा सागवानी खांब



नारायण पेठेतला आमचा वाडा पाडायचं ठरलं तेव्हा विटामातीला कोणी विचारेना, पण खांब, तुळया आणि कडीपाट बघायला जुन्या लाकडाचे वखारवाले दोनदा येऊन गेले. सगळं अस्सल सागवान.

१२ जुलै १९६१ ला पानशेत फुटलं आणि पाणी आपल्या पेठेत शिरलं. सासूबाई सांगायच्या, मातीची भिंत विरघळून गेली, सांगाडा मात्र उभाच. सागाच्या अंगातच तेल असतं, म्हणून पाणी लवकर मुरत नाही, वाळवीही सहसा लागत नाही. मुंबईत वाडियांनी १८१७ साली बांधलेलं 'ट्रिंकोमाली' हे सागवानी जहाज इंग्लंडमध्ये हार्टलपूलला आजही तरंगतंय! आगीपुढे मात्र साग हरतो. शनिवारवाड्याला जुन्नरच्या जंगलातलं सागवान आणलं होतं. १८२८ च्या आगीत ते गेलं, तट तेवढा राहिला. १८०७ चा विश्रामबागवाडा बघा, म्हणजे काय गेलं ते कळेल.

जंगलाकडची माणसं सागाच्या मोठ्या पानांनी छप्पर शाकारतात. कोवळं पान तळहातावर चोळलं की हात लाल होतो. लहानपणी आम्ही त्याला मेंदी म्हणायचो.

आता मुद्द्याचं. प्रतिक्रमणात आपण पंधरा कर्मादानांची आलोचना करतो, त्यात वनकर्म आहे, म्हणजे झाडं तोडण्या-विकण्याचा धंदा. रामचंद्रपंत अमात्यांच्या 'आज्ञापत्रा'तही आरमारासाठी साग हवा तर हुजूरची परवानगी घेऊन तोडावा, आणि रयतेच्या आंब्या-फणसाला हात लावू नये, असं आहे. लोकांनी ती झाडं लेकरांसारखी वाढवलेली असतात, हे त्याचं कारण. धर्म वेगळा, काळजी तीच.

घरात वाद झाला. मुलगा म्हणाला, सगळं विकून टाकू, नवीन फर्निचर येईल. मी कॉमर्सची, हिशोब मलाही कळतो. पण नवीन फर्निचर म्हणजे पुन्हा कुठेतरी झाड तुटणार. शेवटी तुळया विकल्या आणि माजघराचे दोन खांब ठेवले.

सुताराने ते चिरले तेव्हा इतक्या वर्षांनीही लाकडाचा वास आला. त्यातून चातुर्मासात महासतीजींना बसायला स्थानकात एक पाट झाला, उरल्यात आमचं देवघर. पाटावर जुन्या खुंट्यांची दोन भोकं आहेत. सुतार बुजवतो म्हणाला. मी नको म्हटलं, एका खुंटीला सासूबाईंची माळ असायची.