मदरबोर्डचा पालट आणि जुनी कार्यप्रणाली : एक ऐतिहासिक टिपण

संगणकाचा मदरबोर्ड निकामी झाला, त्याच्या जागी निराळ्या जातीचा नवा बसविला आणि जुनी हार्ड डिस्क तशीच जोडली, तर तिच्यावरील कार्यप्रणाली पूर्ववत चालू व्हावी की नाही, हा प्रश्न वरवर पाहता केवळ कारागिराचा वाटतो. वस्तुतः कार्यप्रणाली ही यंत्राची, की त्या यंत्रावर काम करणाऱ्याची, या जुन्या वादाचेच ते एक रूप आहे. दुरुस्तीच्या दुकानांतून सर्रास सुचविला जाणारा ‘फॉरमॅट मारा’ हा उपाय या वादाचा निकाल प्रथमपासूनच यंत्राच्या बाजूने देऊन टाकतो. इतिहास मात्र तसे सांगत नाही.

१९६४ साली आयबीएमने सिस्टीम/३६० ही यंत्रमालिका जाहीर केली. तिच्यातील लहानमोठ्या यंत्रांचा आज्ञासंच एकच ठेवण्यात आला होता. यंत्र बदलले तरी केलेले काम टिकावे, ही अपेक्षा तेव्हापासून दृढ झाली. पुढे १९७० नंतरच्या दशकात गॅरी किल्डॉल यांनी आपल्या सीपी/एम या प्रणालीतील यंत्रसापेक्ष भाग अलग काढून त्यास बायॉस असे नाव दिले. तेवढा भाग नव्याने लिहिला की बाकीची प्रणाली दुसऱ्या यंत्रावर चाले. १९९३ साली बाहेर पडलेल्या विंडोज एनटीमध्ये डेव्हिड कटलर व त्यांच्या सहकाऱ्यांनी हेच तत्त्व हार्डवेअर ॲब्स्ट्रॅक्शन लेअर, संक्षेपाने ‘हॅल’, या स्तराच्या रूपाने अधिक काटेकोरपणे अंमलात आणले.

आणि येथेच एक विलक्षण विसंगती उद्भवली. यंत्रभेद झाकण्यासाठी योजलेला हा स्तरच पुढे यंत्रबदलाच्या आड आला. विंडोज २००० आणि २००१ ची विंडोज एक्सपी यांमध्ये अनेक प्रकारच्या हॅलपैकी कोणता घ्यावयाचा, याचा निर्णय प्रतिष्ठापनेच्या वेळी एकदाच होई आणि तेवढाच डिस्कवर उतरविला जाई. वीजव्यवस्थापनाची एसीपीआय पद्धत मानणाऱ्या मदरबोर्डऐवजी ती न मानणारा मदरबोर्ड आला, की प्रणाली आरंभीच अडे.

परंतु याहून अधिक वेळा आढळणारी अडचण निराळी होती, आणि तिच्याविषयीचा प्रचलित समज मला अपुरा वाटतो. नव्या मदरबोर्डचे ड्रायव्हर नसल्यामुळे प्रणाली बंद पडते, असे सामान्यतः म्हटले जाते. ध्वनीचा किंवा नेटवर्कचा ड्रायव्हर नसला म्हणून काही प्रणाली अडत नाही. तो मागाहून घालता येतो. अडते ते एकाच ठिकाणी. प्रारंभी कार्यप्रणालीचा गाभा बायॉसच्या मदतीने डिस्कवरून स्मृतीत येतो. नंतर बायॉस बाजूस सारून तो स्वतःच्या ड्रायव्हरद्वारे डिस्क वाचू लागतो. नव्या डिस्क-नियंत्रकाचा ड्रायव्हर प्रारंभीच चढणाऱ्यांच्या यादीत नसेल, तर ज्या डिस्कवरून तो क्षणापूर्वी आला तीच त्याला दिसेनाशी होते. निळ्या पडद्यावरील ७-बी या सांकेतिक अंकाचा बहुतेक वेळा हाच अर्थ असे.

निदान असे झाल्यावर उपायही त्यातूनच निघतात. जुना मदरबोर्ड चालू असतानाच नियंत्रकासाठी सर्वसाधारण आयडीई ड्रायव्हर नेमून मगच यंत्र बंद करणे, हा एक. जुना मदरबोर्ड अगोदरच निकामी झाला असेल, तर एक्सपीच्या सीडीवरून दुरुस्ती-प्रतिष्ठापना करता येई. तिच्यात आज्ञावली व मांडणी टिकत, सुधारणांची भर मात्र पुन्हा घालावी लागे. विंडोज ७ मध्ये नियंत्रक आयडीईऐवजी एएचसीआय पद्धतीने चालू लागल्यास रजिस्ट्रीतील संबंधित ड्रायव्हरचे ‘स्टार्ट’ हे मूल्य ३ असल्यास ० करणे बहुधा पुरे होई. प्रतिष्ठापना पुसण्याची गरज यांपैकी कोठेही नाही.

लिनक्सच्या वाटेला ही अडचण कमी आली, कारण तिच्या बहुतेक वितरणांत प्रारंभिक स्मृति-प्रतिमेतच नाना नियंत्रकांचे ड्रायव्हर भरलेले असत. तेथील गंमत वेगळीच. जुन्या नेटवर्क कार्डाचा पत्ता लिहून ठेवणाऱ्या नियमांमुळे नवे कार्ड ‘ईटीएच-०’ न होता ‘ईटीएच-१’ होई, आणि यंत्र सुखरूप सुरू होऊनही जगाशी त्याचा संपर्क तुटलेला असे!

अलीकडच्या विंडोजमध्ये तांत्रिक अडथळे पुष्कळ ओसरले आहेत. विंडोज १० नव्या मदरबोर्डवर बहुधा आपोआप उभी राहते. तथापि त्यांची जागा हक्काच्या प्रश्नांनी घेतली आहे. एक्सपीबरोबर सक्तीचे सक्रियीकरण सामान्य ग्राहकापर्यंत पोहोचले. यंत्राबरोबर विकत मिळालेला परवाना मदरबोर्डशीच बांधलेला असल्याने मदरबोर्ड बदलणे म्हणजे नवे यंत्र घेणे, असा अर्थ लावला गेला. २०१६ पासून डिजिटल परवाना वापरणाऱ्याच्या खात्याशी जोडण्याची सोय झाली, ही अंशतः माघारच म्हणावी लागेल. बिटलॉकरने कुलूपबंद केलेल्या डिस्कची गोष्ट याहून कठीण आहे. तिची किल्ली बहुधा जुन्या मदरबोर्डवरील टीपीएम या सुरक्षा-घटकाशी निगडित असते, आणि नव्या मदरबोर्डवर ती डिस्क ४८ अंकी पुनर्प्राप्ती-संकेत मागते. तो जवळ नसेल, तर ड्रायव्हर सारे जुळूनही आतील एक ओळ वाचता येत नाही.