‘किती वाजले?’ आणि ‘किती वेळ झाला?’

महाडजवळचं सव गाव बहुतेकांना गरम पाण्याच्या कुंडांमुळे माहीत असतं. पण हे गाव सावित्रीकाठचं आहे, आणि आजचा विषय या नदीपासून सुरू करणं सोपं जाईल. महाबळेश्वरला उगम पावून सावित्री पोलादपूर, महाड करत बाणकोटच्या खाडीला मिळते. पुराचा अंदाज बांधायचा तर दोन गोष्टी लागतात. पोलादपूरला पाणी चढल्यावर ते महाडला यायला किती वेळ लागतो? आणि ते येईल तेव्हा किती वाजलेले असतील, म्हणजे खाडीत भरती असेल की ओहोटी? भरती असेल तर पुराचं पाणी लवकर उतरत नाही.

दोन्ही प्रश्न वेळेचेच, पण जात वेगळी. संगणकाच्या प्रोग्राममध्ये या दोघांची गल्लत झाली की गोंधळ होतो. आपल्याकडे मात्र हा फरक फार जुना आहे.

घटिकापात्र आठवा. तळाला बारीक छिद्र असलेली तांब्याची वाटी पाण्यावर सोडायची. ती भरून बुडाली की एक घटका झाली, म्हणजे २४ मिनिटं. दिवसरात्र मिळून अशा ६० घटका. ‘घटका भरली’ हा शब्दप्रयोग याच वाटीचा. गंमत अशी की या वाटीला ‘किती वाजले’ हे अजिबात कळत नाही. वाटी सोडल्यापासून किती वेळ गेला, एवढंच ती सांगते. म्हणून सुरुवात सूर्यावरून धरायची आणि पुढे वाट्या मोजायच्या. भास्कराचार्यांच्या लीलावतीची दंतकथा ऐकली असेलच: वाटीच्या छिद्रात मोती अडकला, वाटी बुडालीच नाही आणि लग्नाचा मुहूर्त टळला. ही कथा फैजीने १५८७ मध्ये केलेल्या ‘लीलावती’च्या फारसी भाषांतरात येते. ती खरी माना किंवा नका मानू, पण कालावधी मोजणारं यंत्र अडकलं तर काय होतं, हे तिने बरोबर सांगितलंय.

भिंतीवरच्या घड्याळाची अडचण उलटी आहे. ते चालू असतानाही माणसं त्याचे काटे हलवतात. १ जानेवारी १९०६ ला भारतीय प्रमाणवेळ लागू झाली, पण मुंबई शहराने स्वतःची ३९ मिनिटं मागे असलेली ‘मुंबई वेळ’ १९५५ पर्यंत सोडली नाही. रेल्वे प्रमाणवेळेवर चालायची. समजा, एखादा माणूस स्टेशनातल्या घड्याळात ९:५९ वाजता निघाला आणि २० मिनिटांत घरी आला. घरचं घड्याळ मुंबई वेळेचं, त्यात वाजलेत ९:४०. वजाबाकी केली तर गडी निघायच्या १९ मिनिटं आधीच पोचला! महायुद्धाच्या काळात तर १ सप्टेंबर १९४२ ला देशभरची घड्याळं तासभर पुढे केली आणि १५ ऑक्टोबर १९४५ ला परत मागे घेतली. म्हणजे त्या दिवशी घड्याळात एक तास दोनदा आला.

आता संगणकाकडे येऊ. १९७१ च्या पहिल्या युनिक्स माहितीपुस्तकात वेळ सेकंदाच्या साठाव्या भागांत मोजली होती, १ जानेवारी १९७१ पासून. ३२ बिटांचा आकडा या वेगाने जेमतेम सव्वादोन वर्षांत भरतो. म्हणून पुढे सेकंद मोजायला लागले आणि सुरुवात १ जानेवारी १९७० धरली. हे झालं ‘किती वाजले’चं घड्याळ. त्यातला क्वार्ट्झचा स्फटिक थोडा पुढेमागे होतो, म्हणून एनटीपी नावाची व्यवस्था नेटवर्कवरून ते दुरुस्त करत राहते. म्हणजे काटे हलवणारा हात इथेही आहेच.

तरीही बरेच प्रोग्राम सुरुवातीची वेळ घ्यायचे, शेवटची घ्यायचे आणि वजा करायचे. याचा फटका १ जानेवारी २०१७ ला पहाटे साडेपाचला बसला. त्या क्षणी जगाच्या घड्याळात एक लीप सेकंद घातला गेला. क्लाउडफ्लेअर कंपनीच्या एका प्रोग्रामला दोन क्षणांमधलं अंतर शून्याच्या खाली मिळालं आणि तो कोसळला. तो गो भाषेत लिहिलेला होता. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये आलेल्या गो १.९ मध्ये वेळेच्या नोंदीसोबत दुसरं, ‘मोनोटॉनिक’ घड्याळ जोडलं गेलं. हे फक्त पुढेच जातं, त्याला मागे कोणी सरकवू शकत नाही. पायथनमध्ये ते २०१२ पासून आहे.

हा बारकावा फक्त प्रोग्रामरपुरता नाही. २२ जुलै २०२१ ला महाड पाण्याखाली होतं. वीज गेली, मोबाईलचं नेटवर्क गेलं. अशा रात्री नदीची पातळी नोंदवणारं एखादं यंत्र कल्पनेत आणा. त्याचं घड्याळ १२ मिनिटं पुढे गेलंय. ३:०० ची नोंद झाली. मग नेटवर्क आलं, घड्याळ दुरुस्त झालं, आणि दहा मिनिटांनंतरच्या नोंदीवर वेळ पडली २:५८. मधल्या काळात पाणी २० सेंटीमीटर चढलं. प्रोग्राम २० ला उणे २ ने भागतो आणि सांगतो, पाणी मिनिटाला १० सेंटीमीटर उतरतंय! नदी चढतेय आणि यंत्र लोकांना निर्धास्त करतंय.

मग सगळीकडे मोनोटॉनिकच वापरावं का? तेही पुरत नाही. हे घड्याळ साधारणपणे यंत्र चालू झाल्यापासून मोजतं, बंद पडून परत सुरू झालं की नव्याने. पोलादपूरच्या यंत्राचा आकडा महाडच्या यंत्राशी जुळवता येत नाही आणि भरतीच्या वेळापत्रकाशी तर नाहीच. म्हणून प्रत्येक नोंदीसोबत दोन्ही आकडे ठेवायचे. पाणी चढण्याचा वेग मोनोटॉनिकवरून काढायचा, भरतीशी मेळ भिंतीवरच्या वेळेवरून घालायचा, आणि घड्याळ कधी व किती हलवलं याचीही नोंद ठेवायची. सूर्यावरून सुरुवात धरून वाट्या मोजणारे लोक याहून वेगळं काही करत नव्हते.