दोन चेंडूंमधली जागा

टीव्हीवर क्रिकेट पाहणाऱ्या माणसाची एक तक्रार आता इतकी मुरली आहे, की ती तक्रार आहे हेही आपण विसरत चाललो आहोत. षटकाचा सहावा चेंडू पडतो, बॅटची कड घेऊन कुठेतरी जातो, आणि तो कुठे गेला हे कळायच्या आत पडद्यावर सिमेंटची गोणी येते. मग बनियन येतं, मग पानमसाल्याचं नाव लावून मिरवणारी वेलची येते. सामना परततो तेव्हा नव्या षटकाचा गोलंदाज अर्ध्या वाटेवर धावत आलेला असतो. तो कोण, स्लिपमधला माणूस काढून कुठे नेला, हे आपण आपलं ताडायचं. षटक चालू असतानाही सुटका नाही. चित्र आक्रसून कोपऱ्यात जातं आणि उरलेल्या पडद्यावर कुणीतरी कर्ज घ्या म्हणून गळ घालतं.

गंमत अशी, की चित्र इतकं चांगलं यापूर्वी कधीच नव्हतं. चेंडूची शिवण दिसते, फलंदाजाच्या मानेवरचा घाम दिसतो, पायावर लागलेला चेंडू यष्टीवर गेला असता की नसता हेही यंत्र सांगतं. तरी जुना प्रेक्षक चिडतो, आणि ‘काका, तुमचा काळ गेला’ म्हणून त्याला गप्प बसवलं जातं. मला वाटतं, त्याचं चिडणं नीट समजून घ्यायला हवं.

आधी एक साधा हिशेब करू. कसोटीच्या एका दिवसात नव्वद षटकं, म्हणजे ५४० चेंडू. एकेक चेंडू गोलंदाजाच्या हातून सुटून खेळला जाईपर्यंत, अडवला जाईपर्यंत पाच-सहा सेकंद धरा. सगळे मिळून तासभरही होत नाहीत. खेळ चालतो सहा तास. उरलेले पाच तास काय असतं? दोन चेंडूंमधली जागा. गोलंदाज वळून चालत जातो, चेंडू मांडीवर घासतो. कप्तान शॉर्ट लेगला माणूस आणतो. फलंदाज खेळपट्टीवरचा नसलेला खडा उचलून फेकतो. ज्याला खेळ कळतो तो ही जागाच पाहायला बसलेला असतो. आपल्याकडच्या क्रिकेट प्रक्षेपणाचा सगळा इतिहास मला या जागेचा इतिहास वाटतो. ती आधी कुणाकडे होती आणि मग कुणाकडे गेली, एवढंच पाहायचं.

ही जागा पहिल्यांदा भरली ती शब्दांनी. मुंबईत १९३४ मध्ये चौरंगी सामने पुन्हा सुरू झाले, तेव्हा बॉबी तल्यारखान मायक्रोफोनसमोर बसले. ते दिवसभर एकटे बोलत. शेजारी दुसरा समालोचक बसवलेला त्यांना खपत नसे; पुढे रेडिओवाल्यांनी एकाऐवजी तिघं बसवायचं ठरवलं, तेव्हा ते सरळ बाजूला झाले. रेडिओवर शांतता म्हणजे बिघडलेला संच, त्यामुळे समालोचकाला बोलावंच लागे. पण तो बोले ते मैदानाबद्दलच. वारा कुठून आहे, सावली कुठवर आली, मिडऑनचा माणूस किती पावलं मागे सरकला. ऐकणाऱ्याच्या डोळ्यांचं काम तो करत होता.

याच गरजेतून मराठीला एक शब्दसंपत्ती मिळाली. मराठी समालोचनाचा विषय निघाला की पुण्याच्या बाळ ज. पंडितांचं नाव येतंच. समालोचकांनी आणि वर्तमानपत्रांच्या क्रीडापानांनी मिळून जे शब्द रुळवले, ते मी कवितेचा माणूस म्हणून पुन्हा पुन्हा न्याहाळतो. गोलंदाज हा मूळचा तोफखान्यातला गडी, गोळे डागणारा; शब्द फारसीतून आलेला. त्याच्याच वजनावर फलंदाज घडला. त्यांच्या शेजारी यष्टी आणि क्षेत्ररक्षक संस्कृतातून येऊन उभे राहिले. पायचीत ऐकलं की कुस्तीचा आखाडा आठवतो आणि त्रिफळा उडाला म्हटलं की वैद्याची चूर्णाची बाटली. एवढी सोयरीक एका मैदानावर जुळली, ती दोन चेंडूंमधली जागा भरायची होती म्हणून.

मुंबईत दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ ला सुरू झालं. सुरुवातीच्या काळातलं क्रिकेटचं प्रक्षेपण आज पाहिलं तर हसू येईल. कॅमेरा एकाच टोकाला, त्यामुळे एक षटक फलंदाजाचं तोंड दिसे आणि पुढचं षटक त्याची पाठ. बातम्यांची वेळ झाली की सामना थांबे. मध्येच चित्र जाई आणि ‘व्यत्यय’ अशी पाटी लागे. त्या काळचं सोनं होतं असं म्हणणाऱ्यांतला मी नाही. १८ जून १९८३ ला टनब्रिज वेल्सला झिंबाब्वेविरुद्ध कपिलदेवने १७५ धावा केल्या, त्या खेळीचं चित्रणच उपलब्ध नाही. सात दिवसांनी लॉर्ड्सवरचा अंतिम सामना मात्र देशाने पाहिला. मी तेव्हा शाळेत होतो. आमच्या मोहल्ल्यात टीव्ही एकच, आणि चित्र टीव्हीवर नि आवाज रेडिओचा अशी मोठ्यांची रीत होती. अब्बा म्हणत, टीव्हीवाला फार कमी बोलतो. आता कुणी कमी बोलला असता तर त्याचे पाय धरावेसे वाटतात!

कमी बोलण्यातही एक शहाणपण होतं. ऑस्ट्रेलियाचा माजी कर्णधार रिची बेनॉ हा टीव्ही समालोचकांचा गुरू मानला जातो. त्याचं सूत्र साधं होतं : चित्रात जे दिसतंय त्यात भर घालता येत असेल तरच तोंड उघडा. आम्हा गझल लिहिणाऱ्यांना हे लगेच पटतं. शेराची पहिली ओळ संपते आणि दुसरी यायची असते, त्या अवधीत ऐकणारा स्वतः काहीतरी जुळवत असतो. दुसरी ओळ त्याच्या अंदाजाला कलाटणी देते, म्हणून दाद जाते. त्या क्षणात कुणी साबण विकायला उभा राहिला तर शेर तिथेच मेला. क्रिकेटचं तसंच आहे.

साबण विकायला उभा राहिला कोण, तर त्याचीही सुरुवात ऑस्ट्रेलियातच, आणि तीही बेनॉ ज्या वाहिनीवर बोलत असे त्याच वाहिनीवर. कसोटीचे हक्क मिळेनात म्हणून केरी पॅकर या चॅनेल नाइनच्या मालकाने १९७७ मध्ये जगातले नामांकित खेळाडू विकत घेऊन स्वतःचंच क्रिकेट मांडलं. प्रेक्षकाचं त्याने भलंही केलं. दोन्ही टोकांना कॅमेरे आले, फलंदाजाची पाठ पाहणं संपलं. रात्रीचे सामने, पांढरा चेंडू, रंगीत कपडे, यष्टीजवळचा मायक्रोफोन ही सगळी त्याचीच देण. पण १९७९ मध्ये तह झाला, हक्क पॅकरकडे गेले आणि एक बारीक बदल झाला. ऑस्ट्रेलियात तोवर आठ चेंडूंचं षटक असे. त्या मोसमापासून ते सहाचं झालं. जाहिरातींना जागा वाढावी हे त्यामागचं एक कारण सांगितलं जातं. हिशेब करून पाहा. ४८० चेंडूंच्या खेळात आठाच्या हिशेबाने ६० षटकं होतात, सहाच्या हिशेबाने ८०. वीस फटी जास्त. चेंडू एकही कमी झाला नाही, धाव एकही कमी झाली नाही.

भारतात हे कळायला आणखी बारा वर्षं लागली. नोव्हेंबर १९९१ मध्ये दक्षिण आफ्रिकेचा संघ पहिल्यांदा इथे आला. त्यांच्या देशातल्या टीव्हीला चित्र हवं होतं, पैसे मोजायची तयारी होती, आणि आपल्या क्रिकेट मंडळाच्या ध्यानात आलं की विकण्याजोगं काहीतरी आपल्याकडे आहे. दोन वर्षांनी बंगालच्या क्रिकेट संघटनेने हिरो कपचे हक्क एका परदेशी कंपनीला दिले. दूरदर्शन आणि सरकार अडून बसलं, चित्र उपग्रहाकडे पाठवण्याची परवानगी अडली, प्रकरण कोर्टात गेलं. बाहेर ही ओढाताण चालली होती, आणि २४ नोव्हेंबर १९९३ च्या रात्री ईडन गार्डन्सवर शेवटच्या षटकात दक्षिण आफ्रिकेला सहा धावा हव्या असताना अझरुद्दीनने चेंडू सचिनच्या हाती दिला. सचिनने तीनच धावा दिल्या. त्या सहा चेंडूंच्या मधल्या फटी ज्याने पाहिल्या, त्याला मी काय सांगतोय हे वेगळं सांगायला नको.

त्या खटल्याचा निकाल सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी १९९५ मध्ये दिला. निकालपत्र लिहिणाऱ्यांत आपले न्या. पी. बी. सावंत होते. हवेतून जाणाऱ्या प्रसारणलहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे, त्यावर सरकारची मक्तेदारी चालणार नाही, त्यांचा वापर लोकांच्या हितासाठी व्हावा आणि त्यावर स्वायत्त सार्वजनिक यंत्रणेची देखरेख हवी, असा त्याचा आशय. फार मोठा निकाल. पण आपण त्यातलं निम्मंच उचललं. मक्तेदारी गेली, वाहिन्या आल्या. लोकहिताची देखरेख मागे राहिली. लहरी लोकांच्या, आणि त्यांवरून जाणाऱ्या खेळाचं मोल बोली लावणाऱ्याने ठरवायचं, अशी वाटणी झाली.

त्यानंतरची वर्षं भराभर सांगता येतील. २००३ च्या विश्वचषकात सेट मॅक्सने सामन्याआधी नि मध्ये गप्पांचा कार्यक्रम आणला आणि मंदिरा बेदींवर पुरुष प्रेक्षक तुटून पडले. मला तो राग चुकीच्या दारावर वाटतो. त्या गप्पांनी एकही चेंडू खाल्ला नाही. चेंडू खात होत्या त्या जाहिराती, आणि त्यांच्यावर कुणी तितका चिडला नाही. २००७ च्या जानेवारीत वेस्ट इंडीज संघ इथे असताना हक्क घेतलेली वाहिनी आणि दूरदर्शन यांचं भांडण न्यायालयात पोहोचलं, आणि दूरदर्शनला सामना सात मिनिटं उशिरा दाखवायची मुभा मिळाली. केबल असलेल्या घरातून आरोळी उठे, आणि ज्याच्या घरी केबल नाही त्याला बळी पडणार हे सात मिनिटं आधी कळे. त्याच वर्षी कायदा झाला आणि राष्ट्रीय महत्त्वाच्या सामन्यांचं चित्र प्रसार भारतीला देणं बंधनकारक झालं. गरीब प्रेक्षकाच्या बाजूने झालेलं हे एक ठोस काम, त्याची नोंद घ्यायलाच हवी.

मग आयपीएल. तिथे जागा सापडायची वाट पाहण्याचं कारणच उरलं नाही, जागा तयार करण्यात आली. २००९ मध्ये प्रत्येक डावात साडेसात मिनिटांची ‘व्यूहरचनेची’ विश्रांती आली. खेळाडूंनीही कुरकुर केली, तेव्हा पुढच्या वर्षी तिचे अडीच मिनिटांचे तुकडे केले. षटकाराला बांधकाम कंपनीचं नाव लागलं आणि समालोचकाला ते उच्चारावं लागलं. जो शब्द मराठीत दोन पिढ्यांनी घडवला, त्याच्या इंग्रजी भावाची अशी गत झाली.

आणि हे थांबवता आलं असतं. दूरसंचार नियामक प्राधिकरणाने, म्हणजे ट्रायने, मे २०१२ मध्ये नियम केला होता : थेट सामन्यात जाहिरात फक्त खेळ थांबलेला असताना, आणि पडद्याच्या तुकड्यावर जाहिरात नाही. दोन ओळींत प्रेक्षकाची अख्खी कैफियत निकाली. वाहिन्यांनी विरोध केला. मार्च २०१३ मध्ये सुधारित नियम आला त्यात ही कलमं नव्हती. तासाला बारा मिनिटांची मर्यादा तेवढी राहिली. तिलाही आव्हान दिलं गेलं, आणि ते प्रकरण दिल्ली उच्च न्यायालयात वर्षानुवर्षं रेंगाळलं.

वाहिन्यांची बाजूही पाहू. जून २०२२ च्या लिलावात आयपीएलचे भारतातले केवळ टीव्हीचे हक्क एका सामन्याला साडेसत्तावन्न कोटी रुपयांना गेले. वीस-वीस षटकांच्या सामन्यात २४० चेंडू. म्हणजे एका चेंडूमागे जवळपास २४ लाख रुपये. इतक्या किमतीची वस्तू घेतलेला माणूस दोन चेंडूंमध्ये शांत बसेल कसा? मंडळाने चढ्या भावाने विकायचं, वाहिनीने फटीफटीतून वसूल करायचं, आणि त्या पैशातून खेळाडू, मैदानं, आता महिलांची लीगही उभी राहायची, हे चक्र खोटं नाही. त्यात फक्त प्रेक्षकाला विचारलेलं नाही. तो गिऱ्हाईक आहे असं त्याला वाटतं, प्रत्यक्षात त्याच्या डोळ्यांचीच विक्री चाललेली असते.

समालोचनाबद्दल काय बोलावं! २०१३ मध्ये इयान चॅपेलने भारतीय मंडळाचं समालोचनाचं काम नाकारलं, कारण निवड, प्रशासन यांसारख्या विषयांवर बोलायचं नाही अशी अट होती. ज्यांनी स्वीकारलं त्यांच्या वाट्याला मग कौतुकच उरलं. तिघं-चौघं एकदम बोलतात, एकमेकांच्या विनोदांवर हसतात, आणि फिरकी गोलंदाजाने मनगट बदललं ते सांगायचं राहून जातं. २०१४ पासून टीव्हीने कबड्डीला मात्र न्याय दिला. तीस सेकंदांची चढाई, लगेच समोरून दुसरी, फट अशी नाहीच. जाहिरातीला मध्यांतराची वाट पाहावी लागते आणि खेळ सलग पाहायला मिळतो.

मोबाइलवर आयपीएलचं समालोचन मराठीतूनही होऊ लागलं. मी आवर्जून ऐकलं. गोलंदाज आणि फलंदाज शाबूत आहेत. निर्धाव षटक म्हणायची वेळ तिथे क्वचितच येते, त्याला समालोचक काय करणार. आमच्याकडचे एक निवृत्त गुरुजी अजून जुनी रीत पाळायला जातात : टीव्हीचा आवाज बंद, रेडिओ चालू. पण टीव्हीचं चित्र आता उपग्रहाला वळसा घालून, रेडिओच्या मागून पोहोचतं. रेडिओवर झेल घेतलेला असतो, आणि पडद्यावर गोलंदाज अजून धावत येत असतो. गुरुजी मग टीव्ही बंद करतात.