चौकटीचा रंग

वऱ्हाडांतील जुन्या वाड्याच्या दाराशीं उभें राहिलें म्हणजे दृष्टि प्रथम चौकटीवर जाते. वर गणेशपट्टी, तिच्या कडेनें वेलबुट्टी, आंत ओसरीच्या खांबांमध्यें महिरप. ही नक्षी कोरणाऱ्या सुताराची वाखाणणी सर्वच करितात; तिला रंग देणाऱ्या हाताची आठवण मात्र क्वचितच होते.

१८६१ ते १८६५ या काळांत अमेरिकेंत यादवी युद्ध झालें. तिकडील कापूस विलायतेस मिळेनासा झाला, आणि वऱ्हाडच्या कापसाचे भाव कडाडले. १८६७ सालीं मुंबईकडची रेल्वे अकोला व बडनेरा या मार्गानें नागपुरास पोंचली. अमरावती-अकोल्याच्या पेठांत पैसा खेळूं लागला. मेळघाटचें सागवान तर जवळच होतें.

परंतु एकाच चौकटीस लागणारीं सर्व लांकडें एका रंगाचीं नसतात. त्यांचा मेळ घालण्याची सामग्री शेतांत आणि रानांत होती. काव तेलांत खलून चोळली कीं तांबूस छटा येते. खैराच्या कातानें तपकिरी रंग चढतो. हिरड्याच्या काढ्यास लोखंडाचा गंज मिळाला कीं काळा रंग होतो. या सर्वांवर हात फिरे तो जवसाच्या तेलाचा. खोबरेल लांकडावर ओलेंच राहतें. जवसाचें तेल हवेंतील प्राणवायु शोषून घट्ट होतें. म्हणूनच तें उकळून केलेल्या बेलतेलास रंगाऱ्याच्या घरीं मान. अशा कामांत रंग लांकडांत मुरतो आणि त्याच्या रेषा झांकत नाहीं.

१८५६ सालीं लंडनमध्यें पर्किन यानें कोळशाच्या डांबरांतून जांभळा रंग काढिला. पुढें असे कृत्रिम रंग स्वस्त झाले आणि लाखेच्या तांबड्या रंगाचा व्यापार बसला. लाख मात्र टिकली. तिचा चपडा स्पिरिटमध्यें विरघळवून केलेलें पॉलिश दिवाणखान्यांत शिरलें. ग्रामोफोनच्या जुन्या तबकड्याही त्याच लाखेच्या. मग डब्यांतील तैलरंग आला. तो लावण्यास सोपा, परंतु नक्षीच्या खांचा भरून टाकणारा. दिवाळीस एक हात, लग्नास दुसरा, असे थर चढत गेले आणि वेलीचीं पानें बोथट झालीं.

आज वाडे पाडले जातात, आणि त्यांच्या चौकटी नव्या घरांत बसविल्या जातात. जुना रंग काढण्यासाठीं कित्येक जण दाहक सोडा ओततात. त्यानें सागवान काळवंडतें व त्याचे तंतू फुलून येतात. धीरानें खरवडणें, रेषांच्या दिशेनें घांसणें आणि कोपऱ्यांत थोड्या जागीं रंग पाहून मग पुढें जाणें, हीच रीत बरी. तेल लावून दहा-पंधरा मिनिटांनीं उरलेलें पुसून घ्यावें, नाहींतर तें चिकट राहतें. आणि पुसलेल्या चिंध्यांचा ढीग करूं नये. ज्या गुणानें जवसाचें तेल वाळतें, त्याच गुणानें तें तापतें. चिंध्या एकत्र चुरगळून ठेवल्यास ठिणगीवांचून पेट घेऊं शकतात. त्या पसरून वाळवाव्या किंवा पाण्यांत टाकाव्या. जी चौकट कित्येक पिढ्यांनीं जपली, ती एका चिंधीनें जाऊं नये.