हरिश्चंद्रगड : पाचनईची वाट

अहमदनगर (आता अहिल्यानगर) जिल्ह्यातील अकोले तालुक्यात, मौजे पाचनई येथून मंगळगंगेच्या प्रवाहालगत रानातून हरिश्चंद्रगडावर चढणारी पाऊलवाट. गडाचे सर्वोच्च शिखर तारामती; उंची सुमारे 1,425 मी. खिरेश्वरहून टोलारखिंडीने येणाऱ्या वाटेपेक्षा ही सुगम व जवळची.

गाव सुटताच वाट झाडीत शिरते आणि पुढे झुकलेल्या एका प्रचंड कातळभिंतीच्या पोटाखालून आडवी जाते. पावसाळ्यात माथ्यावरून कोसळणाऱ्या धारा येथे वाटेच्या बाहेरच्या अंगाला पडतात. पुढे कारवी, हिरडा व जांभूळ यांच्या रानातून ती प्रवाह ओलांडते. ज्या पाण्याच्या सोबतीने चढण चढावी त्याच्याच उगमापाशी देवालय भेटावे, हा योग सह्याद्रीत विरळा, आणि म्हणूनच गडाच्या सर्व वाटांत या वाटेला अग्रस्थान देणे उचित होय.

उत्तुंग शिखराचे हरिश्चंद्रेश्वर मंदिर, कोनाड्यांनी युक्त सप्ततीर्थ पुष्करिणी व परिसरातील लेणी ही येथील प्रमुख स्थळे. चांगदेवांनी शके 1234 (इ. स. 1312) मध्ये ‘तत्त्वसार’ हा ग्रंथ येथेच सिद्ध केला, मराठी वाङ्मयाच्या इतिहासात गडाचे स्थान त्यामुळे अढळ झाले आहे. केदारेश्वराच्या लेण्यात कमरेएवढ्या थंडगार पाण्यात भव्य शिवलिंग असून भोवतीच्या चार खांबांपैकी एकच अखंड उभा आहे. प्रदक्षिणा पाण्यातूनच घालावी लागते. ऐन पावसाळ्यात वाटेतील ओहोळ फुगला म्हणजे तेथपर्यंत पोहोचणेही दुष्कर होते. पश्चिमेस अंतर्वक्र कोकणकडा. येथे कर्नल साईक्स यास धुक्यावर वर्तुळाकार इंद्रधनुष्य दिसल्याची नोंद आहे.

इ. स. 1747–48 च्या सुमारास गड मोगलांकडून मराठ्यांच्या अमलात आला व कृष्णाजी शिंदे किल्लेदार झाले.

मंगळगंगा पुढे मुळा नदीस मिळते. हा प्रदेश 1986 पासून कळसूबाई–हरिश्चंद्रगड अभयारण्यात मोडतो. परिसरात महादेव कोळी समाजाची वस्ती मोठी आहे.

भात, नागली व वरई ही पिके. हिरडा गोळा करणे हा जोडधंदा. अलीकडे गिर्यारोहकांच्या भोजन-मुक्कामाची सोय गावकरी करतात.