फासे गेले, विहिरी राहिल्या

अहिल्यानगर जिल्ह्याच्या दक्षिणेला, कर्जतजवळ, रेहेकुरीचे काळवीट अभयारण्य आहे. १९८० साली जाहीर झालेल्या या अभयारण्याचे क्षेत्र जेमतेम २.१७ चौरस किलोमीटर. एवढ्याशा जागेत काळविटांचे कळप मावत नाहीत. चरायला आणि पाण्याला ते भोवतालच्या शिवारात उतरतात, आणि तिथे एखादे जनावर कठडा नसलेल्या विहिरीत पडते, एखाद्याची शिंगे कुंपणाच्या जाळीत गुरफटतात. गावकरी धावतात, वनखात्याची माणसे दोर घेऊन येतात, जनावर वाचते किंवा मरते. या घटनेला आपण अपघात म्हणतो. मला ते पटत नाही. या माळरानावर पाण्यासाठी आणि पिकासाठी माणसाने जे उभारले, ते ज्या घाईने उभारले आणि गरज संपल्यावर जसे उघडे टाकून दिले, त्या इतिहासातच या मरणाचे कारण आहे.

नगरच्या माळावर हरणासाठी सापळे पूर्वीही होतेच. फासेपारधी माळावर फाशांची रांग मांडत आणि कळपाला हळूहळू त्या दिशेने वळवत. हरणाची वाट, वारा, उजेड यांचे बारीक ज्ञान असल्याशिवाय हे जमत नसे. फासा हरणासाठीच मांडलेला असे, आणि तो मांडणारा माणूस जवळच असे. काम झाले की फासे गुंडाळून तांडा पुढे जाई. माळ पुन्हा मोकळा होई. इंग्रजी अमलात या समाजावर गुन्हेगार जमात म्हणून शिक्का बसला, तो १९५२ साली कायद्याने पुसला. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने काळवीट पहिल्या अनुसूचीत आले आणि फासे लावणे शिकारीत मोडू लागले. ते योग्यच झाले. पण कायद्याची नजर शिकाऱ्याच्या हेतूवर राहिली. ज्या वस्तूमागे मारण्याचा हेतूच नाही, ती या नजरेतून सुटली.

विहिरीचेच पाहा. जुनी बारव पायऱ्यांची असे. माणसाने पाण्यापर्यंत चालत उतरावे म्हणून त्या पायऱ्या बांधलेल्या, पण चुकून आत गेलेल्या जनावरालाही वर येण्याची वाट त्यांतूनच मिळे. जिल्ह्याला आता जिचे नाव आहे ती अहिल्याबाई १७२५ साली जामखेड तालुक्यातल्या चौंडीला जन्मली, आणि देशभर तिने बांधलेल्या बारवा आणि घाट आजही दाखवले जातात. शेतातली मोटेची विहीर तेवढी ऐसपैस नव्हती, पण तिच्यावर राबता होता. थारोळ्यात पाणी पडत असे, धावेवर बैल मागेपुढे होत, मोट हाकणारा काठावर उभा असे. अशा गजबजीकडे हरीण फिरकत नसे, आणि रात्री पडलेच तर सकाळी कोणाच्या तरी नजरेस येई. मग ऑइल इंजिन आले, त्यामागून विजेची मोटर आली, आणि माणूस विहिरीपासून लांब गेला. १९७२ च्या दुष्काळाने तर विहिरींची घाईच झाली. जुन्या खोल केल्या, नव्या सुरुंग लावून खणल्या. पाणी लागणे महत्त्वाचे होते. कठड्याला पैसा उरत नव्हता. पुढे बोअरवेल आल्या, भूजल खाली गेले आणि कित्येक विहिरी कोरड्या पडल्या. त्या बुजवल्या गेल्या नाहीत. काठावर गवत आणि वेडी बाभूळ माजली. कुत्री मागे लागलेले काळवीट भरधाव येते तेव्हा त्याला समोर फक्त गवत दिसते.

कुंपणाची गोष्ट याहून लहान आहे. काटेरी तारेचे गाजलेले पेटंट अमेरिकेत १८७४ साली ग्लिडनने घेतले. आपल्याकडे शेताला बराच काळ बोरी-बाभळीच्या काट्यांची वईच असे. आता तार आहे, जुन्या साड्या आहेत, आणि सर्वांत वाईट म्हणजे नायलॉनची जाळी. नराची पीळदार शिंगे तिच्यात एकदा गुंतली की प्रत्येक झटक्याने फास आवळतो. शेततळ्याचा प्लास्टिकचा कागदही तसाच घातक. पाणी प्यायला उतरलेल्या जनावराचे खूर त्या उतारावर ठरत नाहीत.

सुटकेची पथके आहेत, मग काळजी कशाला, असे कोणी विचारील. सुटका नेमकी कशी होते ते पाहिले की उत्तर मिळते. अकोले-संगमनेरकडे बिबट्या विहिरीत पडला तर बाज किंवा पिंजरा खाली सोडतात; तो स्वतःहून वर चढतो. काळवीट असे काही करत नाही. माणसाला खाली उतरून त्याला हातांनी धरावे लागते. धरल्याबरोबर डोळ्यांवर फडके बांधायचे, शिंगे सांभाळायची, पाय दुखावणार नाहीत असे आवळायचे, वरच्या गर्दीला गप्प करायचे. एवढे करूनही पकडल्याच्या भीतीने आणि झटापटीने त्याच्या स्नायूंची अशी हानी होऊ शकते की धडधाकट दिसणारे जनावर सोडल्यावर काही तासांनी किंवा दिवसांनी दगावते. काठावरच्या लोकांनी टाळ्या वाजवलेल्या असतात, आणि मरण दूर कुठेतरी झुडपात होते. हे काम करणाऱ्यांविषयी मला मनापासून आदर आहे. म्हणूनच त्यांच्यावर ही वेळ कमीत कमी यावी असे वाटते.

खरा आक्षेप शेतकऱ्याचा आहे, आणि तो रास्त आहे. काळवीट त्याची उभी ज्वारी आणि हरभरा खाते. नुकसानभरपाई मिळवायला पंचनाम्यांमागे फिरावे लागते. ज्याने पीक नासवले त्याच्यासाठी त्याने पदरमोड करून कठडा का बांधावा? त्याने एकट्याने बांधू नये, हेच माझे म्हणणे. गुजरातेत गीरच्या भोवती सिंह विहिरींत पडून मरू लागले तेव्हा सरकारी आणि खासगी पैशातून हजारो विहिरींना कठडे बांधले गेले. म्हणजे हे काम आवाक्यातले आहे. शिवाय त्या उघड्या तोंडातून काळवीटच पडते असे नाही. शेळी पडते, गाय पडते, खेळता खेळता पोर पडते. बोअरवेलच्या बाबतीत लहान मुले गेल्यावर सर्वोच्च न्यायालयाने २०१० साली उघडी तोंडे बंद करण्याचे नियम घालून दिले. कोरड्या विहिरीला तोच न्याय न लावण्याचे कारण मला दिसत नाही. दुसरा आक्षेप संख्येचा. जागतिक यादीत काळवीट आज धोक्यात नाही, मग चार जनावरांचे एवढे काय? पण जगाची बेरीज कर्जतच्या माळाला उपयोगाची नाही. इथले कळप लहान आणि शेतांनी एकमेकांपासून तुटलेले आहेत. अशा कळपातला एक धट्टाकट्टा नर गेला तरी विणीच्या हंगामाचे गणित बदलते.

मार्ग अवघड नाहीत. शेततळ्याच्या एका कोपऱ्यात काथ्याची जाळी किंवा गाठी मारलेला दोर सोडता येतो. पीक निघाले की नायलॉनची जाळी गुंडाळून ठेवता येते, जसे फासे गुंडाळले जात. आणि विहिरीची नोंद सातबाऱ्यावर असतेच. विहीर चालू आहे की कोरडी, कठडा आहे की नाही, एवढे दोन रकाने तिथे वाढवले, तर रेहेकुरीच्या भोवतालच्या गावांत रोजगार हमीतून आधी कोणते काठ बांधायचे याची यादी तलाठ्याच्या दप्तरातूनच निघेल.